‘फरगॉट पासवर्ड’ची लिंक जाते कुठे?

एक साधा प्रश्न. आत्ता तुमच्या इन्स्टाचा पासवर्ड गेला आणि तुम्ही ‘फरगॉट पासवर्ड’वर क्लिक केलंत, तर ती लिंक कुठल्या मेलवर जाईल? त्या मेलचाही पासवर्ड आठवत नसेल, तर त्याचा कोड कुठल्या मोबाइलवर येईल? आणि तो नंबर आज कोणाच्या खिशात आहे?

पहिलं उत्तर पटकन येतं, दुसऱ्याला थोडं थांबायला होतं आणि तिसऱ्याला बरेच जण ‘अरे बापरे’ म्हणतात. पासवर्ड कसा कठीण ठेवायचा हे आपण शाळेपासून ऐकतोय. पण कुलूप कितीही दणकट असलं तरी मागचा दरवाजा उघडा असेल तर उपयोग काय? हा मागचा दरवाजा म्हणजे रिकव्हरी मेल आणि रिकव्हरी नंबर. ज्याच्या हातात तो, त्याच्या हातात तुमचं सगळं.

फॉर्म कोणी भरला होता?

अकरावीचा फॉर्म, सीईटी, महाडीबीटीची स्कॉलरशिप... आठवा, हे सगळं कुठे भरलं होतं? अनेकांनी नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात. रांग मोठी, शेवटची तारीख, आणि ‘मेल आयडी नाहीये का? थांब, मी टाकतो’ म्हणणारा दादा. त्याची नियत चांगलीच असते हो! पण त्या अकाउंटचा रिसेट मेल कायम त्याच्याकडे जाणार. पासवर्डही त्याच्या वहीत, नाहीतर तुमच्या नावापुढे १२३. तेव्हा जुन्या लॉगिनमध्ये जा आणि प्रोफाइलमध्ये स्वतःचा मेल आणि नंबर टाका. हे काम फॉर्मच्या गर्दीत नाही, निवांत असतानाच करा.

दुसरी गडबड कॉलेजच्या मेलची. कॉलेजच्या नावाचा आयडी मिळतो, भारी वाटतं, मग त्यावरच इंटर्नशिप, कोडिंगचं अकाउंट, डिझाइनचं अकाउंट सगळं उघडतो. पण तो मेल कॉलेजचा असतो, तुमचा नाही. पास आऊट झाल्यावर तो बंद होऊ शकतो. त्याच्याबरोबर त्यावर उघडलेल्या अकाउंटचे दरवाजेही. शेवटच्या सेमिस्टरची वाट न बघता महत्त्वाच्या अकाउंटवर वैयक्तिक मेल जोडून ठेवा.

जुनं सिम, नवा मालक

ऑफर संपली, सिम फेकलं, नवीन घेतलं. होस्टेलवर हे सर्रास चालतं. पण बंद झालेला नंबर कंपनी कायमची पुरून ठेवत नाही. नियमाप्रमाणे किमान ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. मग तुमच्या जुन्या अकाउंटचे ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात. म्हणून सिम बदलताना क्रम लक्षात ठेवा: आधी बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि आधारचा नंबर बदला, मग जुनं सिम सोडा. आधारचा नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून घेता येतो. तुमच्या नावावर नेमकी किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. एकदा बघाच.

‘बाबा, ओटीपी सांगा ना’

आता जरा नाजूक विषय. गावाकडून शिकायला आलेल्या कितीतरी जणांच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. त्यामुळे पुण्यात फॉर्म भरायचा आणि ओटीपी येणार शेतावर असलेल्या बाबांच्या फोनवर. मग कॉल जातो, ‘आकडा आलाय का बघा, लवकर सांगा.’ बाबा बिचारे हातातलं काम टाकून वाचून दाखवतात.

यात काय होतं, कळतंय का? फोनवर कोणी घाईघाईने आकडा मागितला की तो द्यायचा असतो, ही सवय त्यांना आपणच लावतोय. भामट्याला नेमकी हीच सवय हवी असते. ‘तुमच्या मुलाच्या कॉलेजमधून बोलतोय, स्कॉलरशिप अडकलीय’ एवढं एक वाक्य त्याला पुरतं.

त्यावर उपाय दोन. जमेल तेव्हा आधारला स्वतःचा नंबर जोडा. तोवर घरात एक नियम ठरवा: आकडा फक्त तुमच्या आवाजाला, आणि तोही पूर्ण मेसेज वाचल्यावर. मेसेजमध्ये बँकेचं किंवा पैसे वजा होण्याचं नाव असेल तर तुम्ही मागितला तरी द्यायचा नाही, आधी फोन ठेवून तुमच्या नंबरवर परत लावायचा. नाहीतरी आता कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते.

क्लबची साइट कोणाची?

हौसेने साइट बनवणारे तर प्रत्येक कॉलेजात असतात. गिटहब पेजेसवर साधी साइट फुकट चढवता येते, त्यामुळे फेस्टची, ट्रेकिंग ग्रुपची, कविता कट्ट्याची अशा साइट्स निघतात. निघू देत! फक्त दोन गोष्टी सांभाळा.

एक, कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की लिहून ते सगळ्यांना दिसेल असं टाकू नका. चुकून टाकलंच, तर नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या नोंदींमध्ये ती तशीच राहते. ती की रद्द करून नवीन घ्या.

दोन, डोमेन आणि अकाउंट एका सीनियरच्या खाजगी मेलवर ठेवू नका. तो नोकरीला लागतो, डोमेनच्या नूतनीकरणाचा मेल त्याच्या हजार मेलमध्ये हरवतो आणि ऐन फेस्टच्या तोंडावर साइट बंद. क्लबसाठी वेगळा मेल काढा, दोघांकडे अ‍ॅक्सेस ठेवा आणि दरवर्षी चार्ज देताना पासवर्डसकट रिकव्हरी नंबरही बदला.

अर्ध्या तासाचं काम

एक कोरा कागद घ्या. मुख्य मेल मध्यभागी लिहा आणि त्यावर कोणकोणती अकाउंट टांगलेली आहेत ते भोवती काढा. आता त्या एका मेलची तटबंदी करा. पासवर्ड लांब आणि इतर कुठेही न वापरलेला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू. गूगल तुम्हाला १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा, फोनच्या गॅलरीत नको. कारण फोनच हरवला तर? व्हॉट्सअ‍ॅपच्या अकाउंट सेटिंगमध्येही सहा आकडी पिन ठेवा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये कॉलेज लॅबचा एखादा कॉम्प्युटर अजून रेंगाळतोय का ते बघा.

जुना एखादा मेल आयडी नुसताच पडून असेल तर तोही उघडा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट गूगल डिलीट करू शकतं, आणि त्यात शाळेचे फोटो असतील तर तेही जातील.

एवढं करूनही कोणी घुसलंच, तर लाजत बसू नका. आधी मेल ताब्यात घ्या, पासवर्ड बदला, बाकी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. मग मित्रांना कळवा, म्हणजे तुमच्या नावाने आलेल्या ‘अर्जंट पाच हजार पाठव’ला कोणी फसणार नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि हो, तो कागद करताना घरच्यांचाही एक करा. बाबांच्या मेलचा पासवर्ड तुम्हीच ठेवला होता ना? आठवतोय का?