रीफ टँकचे मीठ आणि तुंबणारी गाळणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांतला सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम आणि क्लोराइड यांचा. उरलेल्यात मुख्यतः सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात निरनिराळ्या महासागरांतून गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. पाणी थोडे कमी खारे असो वा जास्त, या प्रमुख घटकांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ बदलत नाही, हे त्यांनी १८८४ मध्ये आकड्यांनिशी मांडले. रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचे मत्स्यालय, सांभाळणे म्हणजे हेच प्रमाण काचेच्या टाकीत टिकवून धरणे. ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी बिघडते: मीठ विरघळवताना आणि गाळणी तुंबल्यावर. या दोन वेगळ्या तक्रारी समजल्या जातात आणि त्यांवर वेगवेगळे उपाय शोधले जातात. प्रत्यक्षात चुकीचे कालवलेले मीठ गाळणी तुंबवते आणि तुंबलेली गाळणी पाण्याची क्षारता बदलते.

मीठ

मीठ ते मीठ, मग घरातले का चालू नये, हा सर्वांत जुना गैरसमज. आयोडीनयुक्त मीठ नको म्हणणारेही सैंधव किंवा मिठागरातले जाडे मीठ नैसर्गिक म्हणून सुचवतात. याचे उत्तर मिठागरातच मिळते. उरण, पेण, भाईंदर, वसई या पट्ट्यातल्या मिठागरांत भरतीचे पाणी आत घेऊन उन्हात आटवण्याची रीत आहे. पाणी आटत जाते तसे सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसते, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्यानंतर मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचा बराचसा भाग शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहतो आणि ते पाणी वेगळे काढले जाते. मीठ खाण्यासाठी चांगले होते ते याच कारणाने. पण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, आणि नेमके तेच मिठागरात मागे राहिलेले असते. म्हणून ते मीठ पुन्हा पाण्यात घातले तरी समुद्राचे पाणी तयार होत नाही. रीफ टँकसाठी बनवलेल्या मिठात हे सर्व घटक मोजून घातलेले असतात: ३५ क्षारतेला (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३०० च्या आसपास मॅग्नेशियम आणि सात जर्मन अंशांच्या पुढे अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांचे माप.

समुद्र जवळ असेल तर पाणीच भरून आणावे, हा सल्लाही मुंबईसारख्या शहराच्या किनाऱ्याला लागू होत नाही. खाड्यांच्या तोंडाशी पावसाळ्यात क्षारता घसरते, गाळ वाढतो आणि शहराचे सांडपाणी त्याच पाण्यात मिसळते.

मीठ योग्य घेतले तरी ते कोणत्या पाण्यात पडते हे तितकेच महत्त्वाचे. ‘घरात आरओ आहे’ एवढ्यावर अनेक जण निश्चिंत होतात. पण पिण्याच्या पाण्याचे घरगुती यंत्र पाण्याला चव राहावी म्हणून बनवलेले असते. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत थोडे न गाळलेले पाणी परत मिसळतात, किंवा शेवटी खनिजांची नळी असते. काही यंत्रे तर आरोग्यदायी म्हणून पाण्यात तांबे सोडतात. माणसाला ते चालते. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना तांबे फार थोड्या प्रमाणातही विषारी ठरते. रीफसाठी आरओच्या पुढे उरलेले आयन काढणारी डीआय रेझिनची नळी लागते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य यावा लागतो. शून्य आकडा म्हणजे सर्व काही ठीक, असे मात्र नाही. टीडीएस मीटर क्लोरीन ओळखत नाही. क्लोरीन अडवण्याचे काम कार्बनच्या नळीचे, आणि ती संपली तर क्लोरीन पुढच्या आरओच्या पडद्यालाही खराब करतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की पहिली गाळाची नळी ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरते. तेव्हा दाब पडतो, शुद्ध पाण्याची धार बारीक होते आणि दोष पडद्यावर टाकला जातो. आधी गाळाची नळी बदलून पाहावी. पडदा त्या मानाने बराच महाग असतो.

आता प्रत्यक्ष मीठ विरघळवणे. बादलीत आधी मीठ टाकून त्यावर पाणी ओतले तरी शेवटी सारे विरघळतेच, असा समज आहे. सोडियम क्लोराइडच्या बाबतीत तो खराही आहे. पण सुरुवातीच्या थोड्याशा पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही अतिशय दाट होतात, एकमेकांशी जुळतात आणि कॅल्शियम कार्बोनेट बनून पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडतात. एकदा असे झाले की नंतर कितीही पाणी घातले तरी ती भुकटी सहजी परत विरघळत नाही. पाणी दुधाळ होते, बादलीच्या तळाला खरखरीत थर बसतो आणि चाचणीत अल्कलिनिटी कमी येते. मग मिठाच्या डब्याला दोष दिला जातो. योग्य क्रम उलटा आहे: आधी पूर्ण पाणी, त्यात पंप चालू, आणि मीठ थोडे थोडे करून. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. ३५ पेक्षा जास्त लागण्याचे कारण असे की मिठातल्या काही क्षारांच्या स्फटिकांत मुळातच पाणी बांधलेले असते.

गरम पाण्यात मीठ लवकर विरघळेल, हा अनुभव स्वयंपाकघरात खरा ठरतो, इथे उलटतो. कॅल्शियम कार्बोनेट तापमान वाढले की कमी विरघळते. त्यामुळे कढत पाणी किंवा बादलीत एका कोपऱ्यात तापणारा हीटर हा पांढरा थर वाढवतो. २५ अंशांच्या आसपासचे पाणी पुरते. रात्रभर किंवा दोन-दोन दिवस ढवळत ठेवणेही प्रत्येक मिठाला मानवत नाही. ज्या मिठात अल्कलिनिटी मुद्दाम जास्त ठेवलेली असते, ते काही तासांत वापरायला सांगितलेले असते. डब्यावरची सूचना या बाबतीत शब्दशः पाळावी.

डब्यात दगड झालेले मीठ कसे हाताळावे, यावर दोन टोकाची मते आढळतात: एक म्हणजे फेकून द्यावे, दुसरे म्हणजे फोडून वापरावे. मिठातली मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतले बाष्प शोषतात. कोकणच्या हवेत नीट न लावलेले झाकण पुरेसे असते. हलके ढेकूळ झालेले मीठ वापरता येते, फक्त वजनात पाणीही मोजले जात असल्याने नेहमीच्या मापाने क्षारता कमी येते. ती मोजून वाढवावी. ओले होऊन घट्ट दगड झालेल्या मिठात कार्बोनेट आतल्या आतच जुळून गेलेले असू शकते. त्याचे पाणी स्वच्छ होत नसेल तर ते टँकमध्ये जाऊ देऊ नये.

पाणी गढूळ का आहे, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. ग्लासभर पाण्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. पाणी निवळले तर गढूळपणा कॅल्शियम कार्बोनेटचा. तसेच राहिले तर तो जिवाणूंचा किंवा मातीसारख्या बारीक कणांचा. बादलीच्या तळाला बसणारा चिमूटभर तपकिरी गाळ मिठातल्या न विरघळणाऱ्या अशुद्धीचा असतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही; तो तळाशी बसू द्यावा आणि वरचे पाणी काढून घ्यावे.

मोजमाप

क्षारतेच्या तक्रारींतला मोठा भाग पाण्याचा नसून उपकरणाचा असतो. हलणाऱ्या काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर हवेचा बुडबुडा चिकटला तर काटा वर तरंगतो आणि आकडा जास्त दिसतो. काट्यावर क्षाराचे कीट बसले तर तो जड होतो आणि आकडा कमी दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा, पण तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावला की काम झाले, हा समज चुकीचा आहे. बाजारातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. साध्या मिठाचे ३६.५ क्षारतेचे द्रावण आणि समुद्राचे ३५ चे पाणी, दोन्ही प्रकाश सारखाच वाकवतात. म्हणजे असे यंत्र ३५ दाखवते तेव्हा टँकमधली क्षारता प्रत्यक्षात ३३.५ च्या जवळ असते. म्हणून यंत्र ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावरच लावावे.

क्षारतेतल्या अशा चुकीचा परिणाम पुढे सगळीकडे पसरतो. क्षारता ३३ असेल तर ४२० चे कॅल्शियम आपोआप ३९६ होते आणि मॅग्नेशियमही त्याच प्रमाणात उतरते. चाचणीत दोन्ही कमी दिसतात, वेगवेगळ्या बाटल्या आणल्या जातात आणि डिटमार यांनी दाखवलेले प्रमाण टँकमध्ये हाताने मोडले जाते. सगळे घटक एकाच प्रमाणात कमी असतील तर आधी क्षारता तपासावी.

बाष्पीभवनाबद्दलचा गैरसमज नवख्यांमध्ये सर्रास आढळतो: पाणी कमी झाले, तर खारे पाणी घालावे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्यामुळे रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याची घालावी. खारे पाणी फक्त पाणी बदलताना.

गाळणी

फिल्टर जितका मळलेला तितका तो ‘पिकलेला’, ही समजूत गोड्या पाण्याच्या टँकमधून आली आहे. तिथे स्पंज आणि चिनीमातीच्या नळ्यांवर नायट्रीकरण करणारे जिवाणू राहतात, आणि त्या नळाखाली खळखळून धुतल्या तर टँक खरोखर कोलमडू शकतो. रीफ टँकमध्ये या जिवाणूंचे मुख्य घर सच्छिद्र दगड आणि वाळू हे असते. सम्पच्या, म्हणजे गाळणीची उपकरणे ठेवलेल्या जोडटाकीच्या, तोंडाशी लावलेल्या फिल्टर सॉकचे (कापडी गाळणपिशवीचे) काम फक्त कचरा अडवणे. दोनशे किंवा शंभर मायक्रॉनचा हा सॉक तीन-चार दिवसांत भरतो. त्यात अडकलेले खाद्य आणि विष्ठा पाण्यातच कुजतात. त्यांतून अमोनिया आणि पुढे नायट्रेट बनते. भरलेला सॉक अधिक बारीक गाळतो, पण त्यातून पाणी जाईनासे होते, ते काठावरून ओसंडते आणि काहीच न गाळता पुढे जाते. सॉक बदलल्याने टँकचा समतोल जात नाही. धुताना साबण वर्ज्य. ब्लीच वापरले तर नंतर भरपूर धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून मगच सॉक परत लावावा.

दगडांबद्दल इथेच एक सांगणे आवश्यक आहे. असे जिवाणू वसलेले ‘जिवंत’ दगड किनाऱ्यावरून फुकट मिळतात असे मानून मालवणसारख्या ठिकाणाहून ते आणण्याचा मोह होतो. सर्व अश्मप्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेला दगड उचलणे हा गुन्हा आहे आणि त्या किनाऱ्याचे नुकसानही.

सॉक नेहमीपेक्षा लवकर भरू लागला तर कारण शोधावे. तो चिकट, बुळबुळीत झाला असेल तर जिवाणूंची वाढ जास्त झाली आहे. नायट्रेट कमी करण्यासाठी व्हिनेगर किंवा व्होडका यांसारखा कार्बनचा स्रोत टँकमध्ये घातला जात असेल तर असे होते. मात्रा कमी करावी. तो कडक, पांढरट होत असेल तर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातून बाहेर पडत आहे. त्याचेच कीट हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर बसते, प्रवाह मंदावतो आणि सारे खापर पंपावर फुटते. फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांचा गट्टा होण्यामागेही पुष्कळदा हेच असते. पंप व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणात तासभर चालवला की कीट निघते. पण अल्कलिनिटी जास्त आणि मॅग्नेशियम कमी राहिले तर ते परत येते, कारण मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढू देत नाही.

सर्वांत फसवा बिघाड सम्पमधल्या कप्प्यांच्या मधल्या स्पंजचा. स्पंज तुंबला की परतीच्या पंपाच्या कप्प्यात पाणी कमी येते आणि तिथली पातळी उतरते. पातळीवर लक्ष ठेवणारे स्वयंचलित भरणी यंत्र हे बाष्पीभवन समजते आणि गोडे पाणी सोडते. दोनशे लिटरच्या टँकमध्ये असे चार लिटर जादा गेले तर ३५ ची क्षारता ३४.३ होते, आणि स्पंज धुतल्यावर तेच पाणी सम्पच्या काठावर येते. फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर बारीक फेसाऐवजी पातळ पाणी काढू लागला तर तोही हेच करतो. रोज लिटरभर खारे पाणी स्किमरच्या कपात गेले आणि त्याची जागा गोड्या पाण्याने घेतली, तर याच टँकची क्षारता दहा दिवसांत दीड एककाहून जास्त घसरते. वीज गेल्यावर सम्प ओसंडून सांडलेले पाणीही याच हिशेबात धरावे. क्षारता घटलेली दिसली की मीठ वाढवण्याआधी स्पंज, सॉक, स्किमरचा कप आणि सम्पखालची जमीन तपासावी. कारण तसेच ठेवून घातलेले मीठ गाळणी साफ होताच जास्त ठरते.

दुरुस्तीचा हिशेब सोपा असतो, फक्त दगड आणि वाळू वजा करून प्रत्यक्ष पाणी किती ते माहीत हवे. दोनशे लिटर पाण्याची क्षारता ३७ झाली असेल तर १०.८ लिटर खारे पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घातले की ती ३५ वर येते. हे एका दमात करू नये. दिवसाला एक एककाच्या आसपास बदल पुरे. क्षारता वाढवायची असेल तर सुटे मीठ टँकमध्ये कधीही टाकू नये. भरणीचे गोडे पाणी काही दिवस थांबवून त्याऐवजी आधी विरघळवलेले ३५ क्षारतेचे पाणी घालावे आणि रोज मोजावे.