यंत्राशी सौदा करताना

माल विकणाऱ्यास आपल्या मालाची किंमत ठाऊक असावी, हे व्यापाराचे पहिले सूत्र होय. परंतु भाव चांगला मिळूनही अटी नीट न समजल्यामुळे नुकसान सोसावे लागते, असे पुष्कळदा घडते. आजवर या अटी माणसे समोरासमोर बसून ठरवीत. आता मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांत हे काम काही अंशी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकीय आज्ञावलीकडे सोपविण्यात येऊ लागले आहे. ज्यांना अशा कंपन्यांस माल पुरवावयाचा आहे, त्यांनी ही रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

खरेदी विभागाची अडचण

अमेरिकेतील वॉलमार्ट या किरकोळ व्यापार करणाऱ्या कंपनीस एक लाखाहून अधिक विक्रेते माल व सेवा पुरवितात. इतक्या विक्रेत्यांशी स्वतंत्रपणे बोलणी करणे कोणत्याही खरेदी विभागास शक्य नाही. साहजिकच मोठ्या विक्रेत्यांशी वाटाघाटी होत आणि अनेक लहान विक्रेत्यांस छापील अटींवर सही करावी लागे. हा प्रश्न सोडविण्यासाठी कंपनीने २०२१ साली कॅनडातील आपल्या शाखेत एक प्रयोग केला. २०१९ साली स्थापन झालेल्या पॅक्टम या कंपनीची आज्ञावली त्यासाठी वापरण्यात आली. दुकानात विकावयाचा माल या प्रयोगात घेतला नव्हता. मालवाहतुकीची सेवा, ढकलगाड्या, उपकरणे अशा कंपनीच्या स्वतःच्या वापराच्या वस्तू व सेवा निवडण्यात आल्या.

यंत्र सौदा कसे करते

प्रथम खरेदी अधिकारी आपल्या मर्यादा ठरवितात. सूट किती मागावयाची, पैसे किती दिवसांनी द्यावयाचे आणि बदल्यात विक्रेत्यास काय देता येईल, हे यंत्रास आधी सांगितलेले असते. नंतर विक्रेत्यास निरोप जातो व तो संगणकावर लेखी संभाषण करतो. यंत्र एक प्रस्ताव मांडते. विक्रेत्याने नकार दिल्यास दुसरा मांडते. उदाहरणार्थ, विक्रेत्याने काही सूट दिल्यास पूर्वसूचनेवाचून करार मोडण्याचा हक्क सोडून ३०, ६० किंवा ९० दिवसांची सूचना देण्यास कंपनी तयार होते. यंत्र थकत नाही, रागावत नाही. मात्र त्यास नेमून दिलेल्या मर्यादेबाहेरही ते जात नाही.

या प्रयोगात ८९ विक्रेत्यांशी बोलणी झाली. २० टक्के विक्रेत्यांशी सौदा जमला तरी पुरे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ६४ टक्के विक्रेत्यांशी जमला, व त्यास सरासरी ११ दिवस लागले. कंपनीस सरासरी दीड टक्का बचत झाली आणि पैसे देण्याची मुदत सरासरी ३५ दिवसांपर्यंत वाढवून मिळाली. अनेक विक्रेत्यांनाही ही पद्धत सोयीची वाटली. कारण विचार करण्यास त्यांना सवड मिळाली, व ज्यांच्याशी पूर्वी कोणी बोलतही नसे त्यांना आपले म्हणणे मांडता आले. पुढे अमेरिका, चिली व दक्षिण आफ्रिका या देशांतही कंपनीने ही पद्धत नेली.

मुदतीचा हिशेब

‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण येथे ध्यानी घ्यावी. समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीने १ लाख रुपयांचा माल विकला. पैसे १० दिवसांऐवजी ३५ दिवसांनी मिळाले आणि मधल्या काळात तिला दरसाल १२ टक्के व्याजाने रक्कम उभी करावी लागली, तर २५ दिवसांचे व्याज सुमारे ८२२ रुपये होते. शिवाय दीड टक्का सूट दिली असल्यास आणखी १,५०० रुपये गेले. म्हणजे भाव न उतरताही २,३०० रुपयांहून अधिक रक्कम हातची गेली.

याच्या उलट प्रस्तावही येतो. ‘२ टक्के सूट द्या, पैसे २० दिवस आधी देऊ,’ असे सांगण्यात येते. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु २० दिवसांसाठी २ टक्के म्हणजे दरसाल ३६ टक्क्यांहून अधिक व्याज झाले. १२ टक्क्यांनी काढलेल्या कर्जास तेवढ्याच दिवसांत १ लाखामागे सुमारे ६५८ रुपये लागतात, तर सूट २,००० रुपयांची पडते.

घ्यावयाची दक्षता

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. महाराष्ट्रातही अशा अनेक कंपन्या निघाल्या असून काही थेट प्रक्रिया कारखान्यांस व मोठ्या व्यापारी कंपन्यांस माल देतात. यंत्राशी बोलणी करण्याचा प्रसंग आल्यास त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. वाहतूक, प्रतवारी, बारदान, तूट व व्याज धरून मालाचा पडता खर्च आधी काढावा. ज्या भावाखाली जावयाचे नाही तो भाव संचालकांच्या बैठकीत ठरवून लिहून ठेवावा.

२. भाव, मुदत, प्रतवारीची कसोटी, माल नाकारण्याचा हक्क व करार मोडण्याची सूचना या पाचही अटी एकत्र तोलाव्यात. एकीत मिळालेले दुसरीत जात नाही ना, हे पाहावे.

३. पहिलाच प्रस्ताव स्वीकारण्याची घाई करू नये. यंत्राजवळ बहुधा दुसराही प्रस्ताव असतो.

४. प्रक्रिया उद्योगाची सूक्ष्म किंवा लघु उपक्रम म्हणून नोंदणी असल्यास २००६ च्या कायद्याचे संरक्षण मिळते. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक मुदत करारानेही ठरविता येत नाही.

५. संभाषणाची प्रत जपून ठेवावी व शंका आल्यास जबाबदार अधिकाऱ्याशी बोलण्याची मागणी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी सभासदांस एकत्र बसवून वरील हिशेब त्यांच्याच मालाचे आकडे घेऊन फळ्यावर मांडून दाखवावा. खरेदीदाराचे यंत्र त्याच्या मालकाचा हिशेब चोख ठेवते. विक्रेत्याचा हिशेब विक्रेत्यानेच ठेवावयाचा असतो. ज्याची वही पक्की, त्यास समोर माणूस असो वा यंत्र, सौद्यास बसण्याची भीती नाही.