अधिकार प्रदान (व्यवस्थापन)

अधिकार प्रदान किंवा अधिकार प्रत्यायोजन म्हणजे व्यवस्थापकाने आपल्या कामाचा ठरावीक भाग आणि तो पार पाडण्यासाठी आवश्यक असलेला निर्णयाधिकार हाताखालील व्यक्तीकडे सोपवण्याची प्रक्रिया होय. संस्थेचा व्याप वाढला की सर्व निर्णय एका व्यक्तीने घेणे अशक्य होते. त्यामुळे कामाबरोबर अधिकारांचीही विभागणी करावी लागते. फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉल यांनी 1916 मध्ये मांडलेल्या 14 तत्त्वांत 'अधिकार व जबाबदारी' आणि 'पुढाकार' या दोहोंचा समावेश आहे. अधिकार प्रदान वरिष्ठ व कनिष्ठ यांच्यात घडते, तर विकेंद्रीकरण हे संपूर्ण संस्थेचे धोरण असते.

घटक

अधिकार प्रदानाचे तीन घटक मानले जातात.

* जबाबदारी – सोपवलेले काम पूर्ण करण्याचे कर्तव्य.
* अधिकार – त्या कामासाठी निर्णय घेण्याची, खर्च करण्याची व साधने वापरण्याची मुभा.
* उत्तरदायित्व – कामाच्या परिणामांबद्दल वरिष्ठांना जाब देण्याचे बंधन.

काम खाली सोपवले तरी अंतिम उत्तरदायित्व सोपवणाऱ्याकडेच राहते. जबाबदारी दिली पण अधिकार दिला नाही, तर कर्मचारी हतबल होतो; अधिकार दिला पण उत्तरदायित्व ठरवले नाही, तर मनमानीला वाव मिळतो.

पद्धत

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही, मूल व नागभीड हा धान पिकवणारा पट्टा आहे. अशा भागातील राईस मिलच्या मालकाला धान खरेदीचे काम दिवाणजीकडे सोपवायचे असल्यास पुढील बाबी आधी स्पष्ट कराव्या लागतात: अपेक्षित प्रमाण व प्रत, दराची मर्यादा, चालू शकणारा ओलावा, उपलब्ध रक्कम आणि कोणत्या प्रसंगी मालकाला विचारावे. त्यानंतर प्रत्येक सौद्यात मालकाने हस्तक्षेप केल्यास दिवाणजी स्वतः निर्णय घेणे सोडून देतो. म्हणून देखरेख ठरावीक अंतराने व नोंदींच्या आधारे करणे योग्य ठरते. कर्मचाऱ्याने अडचण परत आणल्यास तीवर लगेच निर्णय देण्याऐवजी त्याला सुचणारा उपाय आधी विचारल्याने पुढाकाराची सवय लागते. मर्यादेत राहून व प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकल्यास शिक्षेपेक्षा कारणमीमांसा उपयोगी पडते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील उदाहरणे

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. एरवी डॉक्टरांच्या कक्षेत येणारी काही कामे गावातीलच, अल्पशिक्षित परंतु प्रशिक्षित महिलांकडे देण्यात आली. बाळाचे वजन घेणे, श्वास सुरू न झाल्यास उपचार करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही ती कामे होती. त्यांच्याबरोबर साधने, औषधे आणि ठरलेले निकषही देण्यात आले. डॉक्टर दर 15 दिवसांनी गावात येऊन नोंदी तपासत व चुका समजावून देत. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे 62 टक्क्यांनी घटला. पुढे 2011 मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी सेवा देशभर सुरू केली.

अपुऱ्या अधिकाराचे परिणाम याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या अनुभवात दिसतात. वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनविभागाकडेच राहिल्याने गावाला बांबू बाहेर विकता येत नव्हता. एप्रिल 2011 मध्ये वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आल्यावर हा अडथळा दूर झाला. येथे हक्काचा स्रोत वरिष्ठ नसून कायदा होता. तथापि अधिकाराशिवाय जबाबदारी निष्फळ ठरते, हे तत्त्व या प्रसंगालाही लागू पडते.

पुढाकार व श्रेय

पुढाकार टिकण्यासाठी त्याचे श्रेय नोंदले जाणे आवश्यक असते. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी 1983 पासून आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून धानाचे नवे वाण तयार केले. घड्याळाच्या तत्कालीन लोकप्रिय ब्रँडवरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले. 1994 मध्ये सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि 1998 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. मूळ निवडीचे श्रेय व मोबदला खोब्रागडे यांना मिळाला नाही, अशी टीका त्यानंतर झाली. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. ते कोणत्याही संस्थेचे कर्मचारी नव्हते. तरीही कल्पना कोणाची, ती कोणी सुधारली व कोणी प्रसारित केली, याची आरंभीच स्वतंत्र नोंद ठेवण्याची गरज या प्रकरणातून स्पष्ट होते.

मर्यादा

संस्थेचे धोरण ठरवणे, शिस्तभंगाची कारवाई आणि गोपनीय बाबी सामान्यतः सोपवल्या जात नाहीत. पुरेसे प्रशिक्षण नसताना केलेले अधिकार प्रदान धोकादायक ठरू शकते. केवळ कंटाळवाणी कामे खाली ढकलणे आणि यशाचे श्रेय स्वतःकडे ठेवणे, यास खऱ्या अर्थाने अधिकार प्रदान म्हणता येत नाही.