अनोळखी आवाजाची ओळख : दीडशे वर्षांचा मागोवा

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत आणि त्याभोवतीच्या द्राक्षपट्ट्यात घराजवळच्या पक्ष्याची ओळख बहुधा डोळ्यांआधी कानांना होत आली आहे, कारण वडा-पिंपळाच्या दाट पानांत बसलेला पक्षी दिसत नाही, पण ऐकू येतो. ही विद्या शेतकऱ्यांच्या घरांत परंपरेने चालत आली, शास्त्रीय पक्षिविज्ञानाने तिला बराच काळ दुय्यम स्थान दिले आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या साधनांमुळे तिला मानाची जागा मिळाली, असा गेल्या दीडशे वर्षांचा क्रम दिसतो.

पावशा हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. कोकिळेच्या कुळातील हा पक्षी रंगरूपाने शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यासारखा दिसत असल्याने डोळ्यांना फसवतो. मात्र मृगाच्या आधीच्या दिवसांत चढत चढत टिपेला जाणारी, तिथे एकदम तुटणारी आणि पुन्हा खालच्या पट्टीतून सुरू होणारी त्याची साद ‘पेरते व्हा’ अशी ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तो अचूक ओळखता येतो. तांबटाचे नावच त्याच्या आवाजावरून पडले आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ हा ठेका तो चोच मिटून, गळा फुगवून धरतो आणि तसे करताना मान या बाजूकडून त्या बाजूला वळवीत राहतो. त्यामुळे पक्षी एकाच फांदीवर असूनही आवाज कधी जवळून, तर कधी दुरून आल्यासारखा वाटतो आणि शोधणारा चकतो. पक्ष्यांच्या आवाजाकडे लक्ष पुरवण्याची ही वृत्ती केवळ शेतापुरती नव्हती. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात सप्तस्वरांची सांगड प्राण्यांच्या आवाजांशी घातलेली असून, त्यात षड्ज मोराकडे आणि पंचम कोकिळाकडे आहे.

एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांची पद्धत वेगळी होती. पक्षी मारायचा, त्याची कातडी पेंढा भरून जतन करायची आणि त्या नमुन्यावरून जाती ठरवायची, या पद्धतीने वर्गीकरणाचा पाया घातला हे मान्य करावेच लागते. परंतु कातडीला आवाज नसतो आणि या उणिवेची किंमत रानपिंगळ्याच्या बाबतीत स्पष्ट दिसते. 1873 मध्ये पक्षिसंग्राहक ह्यूम यांनी वर्णन केलेल्या या लहान घुबडाचे काही नमुने खानदेशातून जमवले गेले, 1884 नंतर त्याचा विश्वासार्ह पुरावा मिळेनासा झाला आणि तो अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. गावातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा आणि तिन्हीसांजेला कर्कश कलकलाट करणारा साधा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा होता; त्याच्याशी दिसण्यात बरेच साम्य असलेल्या रानपिंगळ्याच्या आवाजाचे तपशीलवार वर्णन मात्र 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. शतकाहून अधिक काळ शास्त्राला नावाने ठाऊक असलेल्या पक्ष्याचा आवाज इतक्या उशिरा नोंदला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

आवाज टिकवून ठेवण्याचे साधन तोवर कधीच उपलब्ध झाले होते. पक्ष्याच्या गाण्याचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण 1889 मधील असून, लुडविग कॉख या जर्मन मुलाने मेणाच्या नळकांड्यावर टिपलेला तो आवाज श्यामा या मूळ भारतीय, परंतु पिंजऱ्यात पाळलेल्या पक्ष्याचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास ध्वनिचित्र, म्हणजे आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्वराची उंची दाखवणारा आलेख, अभ्यासकांच्या हाती आला. त्यात तांबटाचा ठेका एकाच उंचीवरच्या सारख्या अंतराच्या ठिपक्यांसारखा उमटतो, तर पावशाची साद पायऱ्या चढत गेल्यासारखी दिसते. याच शतकात सलीम अली यांच्या 1941 च्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य वाचकाला पक्षिनिरीक्षणाकडे वळवले, आणि मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीत रानातल्या माणसांकडून जमवलेली पक्ष्यांची नावे मराठीत आणली. या दुसऱ्या कामाचे मोल अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही.

2005 मध्ये झेनो-कँटो हा सर्वांसाठी खुला ध्वनिसंग्रह सुरू झाला आणि 2021 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन या अ‍ॅपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आली, जिच्यात आता भारतातील पक्षीही आहेत. ध्वनिचित्राची तुलना करून हे अ‍ॅप काही क्षणांत नाव सुचवते; पण बागेतला फवारणीचा ब्लोअर चालू असल्यास त्याची गफलत होऊ शकते, आणि शिक्र्याची हुबेहूब नक्कल करणारा कोतवाल त्यालाही फसवू शकतो. म्हणून सुचवलेले नाव महिन्याशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर अंगणातून शेपटी थरथरवणाऱ्या थिरथिऱ्याचे नाव पडद्यावर आले, तर ते सहसा स्वीकारू नये, कारण हा हिवाळी पाहुणा तोवर उत्तरेकडे परतलेला असतो; उलट त्याच सुमारास पहाटेच्या अंधारात घराच्या उंच टोकावरून दीर्घ, गोड आणि सतत बदलती शीळ ऐकू आली, तर विणीच्या हंगामात गाणाऱ्या नर दयाळाचा विचार आधी करावा.