विजय एकीचा, वाटा सर्वांचा

२७ जुलै २०१४ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे या राजमार्गावर महिला सायकलपटूंची एक शर्यत झाली. पुरुषांच्या ‘टूर द फ्रान्स’चा तो अखेरचा दिवस होता. पुरुष तेथे पोहोचण्यापूर्वी त्याच रस्त्यावर महिलांनी १३ फेऱ्या, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर अंतर कापले. नेदरलँड्सची मारिआन व्हॉस पहिली आली, तिच्याच देशाची किर्स्टन विल्ड दुसरी आणि कॅनडाची लीआ किर्चमन तिसरी. लक्षात राहिली ती ही तीन नावे. वस्तुतः शर्यत संघांची होती. एका नावामागे इतरांचे किती श्रम उभे असतात हे समजले, म्हणजे या खेळाची गोडी वाढते आणि आपल्या पेढ्यांच्या कारभाराविषयीही काही विचार सुचतो.

शहरातील रस्त्यांवर लहानसा बंदिस्त मार्ग आखून त्यावर अनेक फेऱ्या मारण्याच्या शर्यतीस ‘क्रायटेरियम’ म्हणतात. एक फेरी बहुधा एक ते तीन किलोमीटरांची असते. पॅरिसची फेरी त्याहून बरीच मोठी होती, तरी शर्यतीची धाटणी हीच. वेग ताशी चाळीस किलोमीटरांच्या वर जातो आणि एवढ्या वेगात सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यातच खर्च होते. पुढच्या सायकलीच्या अगदी जवळ, तिच्या आडोशाला राहिले तर मागून येणारीची सुमारे तीस टक्के शक्ती वाचते. साऱ्या डावपेचांचे मूळ या एका हिशेबात आहे. शक्ती हे भांडवल; ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी खर्चावे, एवढाच प्रश्न उरतो.

प्रत्येक वळणावर पुढच्या सायकली जवळजवळ त्याच वेगाने निघून जातात. मागच्यांना मात्र ब्रेक लावावा लागतो आणि वळण संपताच पुन्हा जोर करावा लागतो. शंभर वळणांत ही किंमत फार मोठी होते. म्हणून सहकारी आपल्या प्रमुख सायकलपटूला प्रारंभापासून पुढे राखतात आणि वारा स्वतः झेलतात.

मध्येच संघातील एखादी घोळक्यातून निसटून पुढे जाते. आता पाठलाग करणे प्रतिस्पर्धी संघांना भाग पडते. तिच्या सहकारी घोळक्याच्या तोंडाशी येऊन बसतात, पण पाठलागाला आपले बळ देत नाहीत. हे नियमबाह्य नाही. कोणाची वाट अडवायची नाही, केवळ इतरांचे काम आपण करायचे नाही. निसटलेली पकडली गेली की लगेच दुसरी निसटते. प्रतिस्पर्ध्यांचे भांडवल असे हळूहळू आटत जाते.

अखेरच्या फेरीची घंटा वाजली की संघातील तिघी-चौघी एका रांगेत येतात. पहिली सारी शक्ती लावून वेग वाढवते आणि दमली की बाजूला होते. मग दुसरी, मग तिसरी. शेवटचे सुमारे दोनशे मीटर उरले असता प्रमुख सायकलपटू आडोशातून बाहेर येते आणि रेषा ओलांडते. बाजूला झालेली सहकारी कितीतरी मागून पोहोचते. निकालपत्रात तिच्यापुढे केवळ एक मोठा क्रमांक असतो. तिने काय केले, याची नोंद नसते.

व्हॉस ज्या संघाकडून जिंकली, त्याचा आश्रयदाता राबोबँक होता. नेदरलँड्समधील ही बँक सहकारी तत्त्वावर उभी राहिलेली आहे, हा योगायोग मला विशेष वाटतो. पुढच्या वर्षी, २६ जुलै २०१५ रोजी, दुखापतीमुळे व्हॉस शर्यतीत नव्हती. पाऊस पडत होता, रस्ता निसरडा झाला होता, अनेकजणी घसरून पडल्या. अखेरच्या टप्प्यात त्याच संघाची ॲना व्हान डर ब्रेगन एकटीच पुढे निघाली आणि मागून झेपावणाऱ्या घोळक्याला थोडक्यात चुकवून जिंकली. ज्या संघात मदतनीस हा कायमचा दर्जा नसून त्या दिवसाचे काम असते, तेथे प्रमुखाची जागा रिकामी राहत नाही.

या खेळात एक जुनी रूढी आहे. बक्षिसाची रक्कम विजेती एकटी ठेवत नाही. ती संघात वाटली जाते. क्रायटेरियममध्ये मधल्या काही फेऱ्यांनाही वेगळी बक्षिसे असतात, तीही बहुधा एकत्र करून वाटतात. त्याग मागितला जातो, पण त्याचा हिशेबही होतो.

ती शर्यत भरली, हेदेखील अशाच एकत्र श्रमांचे फळ होते. २०१३ मध्ये मारिआन व्हॉस, एमा पूली, कॅथरीन बर्टीन आणि क्रिसी वेलिंग्टन या चौघींनी महिलांनाही ‘टूर द फ्रान्स’मध्ये स्थान मिळावे म्हणून अर्ज मांडला. त्यावर सुमारे एक लाख सह्या झाल्या. २०१४ ला एका दिवसाची शर्यत मिळाली आणि २०२२ ला आठ टप्प्यांची ‘टूर द फ्रान्स फाम’ सुरू झाली. तिचा पहिला टप्पा शाँझेलिझेवरच संपला.

आपल्या धर्मात कर्माचे फळ करणाऱ्यापुरते थांबत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, असे तिन्ही त्यात भागीदार असतात. अठ्ठाई करणाऱ्याची आपण अनुमोदना करतो ती याच श्रद्धेने. पण ही श्रद्धा पेढीवर किती उतरते? बँकेत कर्जप्रकरणे तपासताना भागीदारीच्या कागदांवर मी घरातील स्त्रियांच्या सह्या पुष्कळ पाहिल्या. कर्जाच्या जबाबदारीत त्यांचे नाव होते. निर्णयाच्या बैठकीत आणि नफ्याच्या वाटणीत ते क्वचितच आढळले. गादीवर बसणाऱ्या थोरल्या भावाचे नाव बाजारात होते. पहाटे माल उतरवून घेणारा धाकटा आणि रात्री घरी बसून खाती लिहिणारी सून यांचे नाव कोठे नव्हते. वारा मात्र त्यांनीच झेलला होता.

येत्या दिवाळीत वहीपूजन करताना प्रत्येक पेढीने एवढे एक काम करावे. नव्या वहीत लाभ-शुभ लिहून झाले की वर्षभर वारा कोणी कोणी झेलला, त्यांची नावे आठवावीत. आणि ज्यांचे खाते अद्याप उघडलेले नाही, त्यांचे त्याच दिवशी उघडावे.