गोणपाटावरचे शंभर दाणे

मे संपत आला की परभणीच्या खेड्यांत अनेक घरांत एक प्रयोग मांडला जातो. ओल्या गोणपाटावर घरच्या सोयाबीनचे 100 दाणे दहा-दहाच्या ओळींत ठेवायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवडाभरात उलगडून कोंब मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरायला चालतं. सोयाबीनची साल इतकी नाजूक की मळणीत थोडा मार बसला, थैली आपटली, तरी आतला अंकुर दुखावतो. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा हजारो तक्रारी आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. म्हणून ही मोजणी कोणी हसण्यावारी नेत नाही.

पण 68 उगवले तर? प्रत्येक दाण्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असलं की 100 दाण्यांच्या मोजणीत नशिबाचा हेलकावा दोन्ही बाजूंना सुमारे 9 टक्क्यांचा असतो. म्हणजे 68 दिसले तरी खरी उगवणक्षमता 59 असू शकते किंवा 77 सुद्धा. बीज प्रयोगशाळेत 400 दाणे लावतात ते याचसाठी. दाणे चौपट केले की हेलकावा निम्मा होतो.

आता कोणी नवी बीजप्रक्रिया आणली आणि तिने उगवण वाढते का हे तपासायचं ठरवलं, तर किती दाणे लावावेत? गणित याचं उत्तर देण्याआधी आपल्यालाच विचारतं: किती फरक पकडायचा आहे? उगवण 70 वरून 80 वर जाते का हे पाहायचं असेल, खरा फरक पाचपैकी चार वेळा सापडावा आणि फरक नसताना फसगत विसातून एकदाच व्हावी अशी अट असेल, तर प्रक्रिया केलेले सुमारे 290 आणि न केलेले तितकेच दाणे पुरतात. 70 वरून 75 चा फरक हवा असेल तर दोन्हीकडे जवळजवळ 1250 लागतात.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की सगळे दहा टक्के सारखे नसतात. 50 वरून 60 चा फरक पकडायला दोन्हीकडे 390 च्या आसपास दाणे लागतात, 85 वरून 95 चा पकडायला फक्त 140. निम्म्यावर अनिश्चितता सर्वात जास्त असते, टोकाकडे ती आक्रसते. संख्याशास्त्रज्ञांनी यावर देखणी युक्ती काढली: टक्क्यांचं कोनात रूपांतर. 50 टक्के म्हणजे 45 अंश, 60 टक्के म्हणजे 50.8. इकडे 85 टक्के म्हणजे 67.2 आणि 95 टक्के म्हणजे 77.1. पहिली उडी सहा अंशांच्याही आतली, दुसरी जवळजवळ दहा अंशांची. टक्क्यांच्या पट्टीवर सारखी दिसणारी अंतरं कोनाच्या पट्टीवर आपलं खरं वजन सांगतात. कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत हमखास भेटणारं पानसे-सुखात्मे यांचं 1954 चं पुस्तक याच शेतीच्या संख्याशास्त्राचं. त्यातले पां. वा. सुखात्मे साताऱ्याच्या बुध गावचे. मराठी माणसाने आपल्या शेतीला दिलेल्या या देणगीचं नाव संदर्भसूचीबाहेर फारसं निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

याच कोनांवर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी 1969 च्या पुस्तकात फरकांचे लहान, मध्यम, मोठा असे गट पाडले. 60 वरून 70 ची वाढ त्यांच्या हिशेबात 'लहान' ठरते. शेतकऱ्याला विचारा. एकरी 30 किलो बियाणं 70 टक्के उगवणीला लागत असेल, तर 60 टक्क्यांना तेवढीच रोपं मिळवायला 35 किलो लागेल. एकरी पाच किलो, म्हणजे चार एकरांना वीस! शिवाय पाऊस लांबला तर दुबार पेरणीचा धोका. कोहेन यांनीच बजावलं होतं की दुसरा आधार नसेल तेव्हाच हे गट वापरावेत. इथे आधार बांधावर उभा आहे. प्रक्रियेचा खर्च किती, तिने किती बियाणं वाचेल, किती टक्के उगवण वाढली तर तो खर्च वसूल होईल, हे शेतकऱ्याबरोबर बसून ठरवायचं आणि तोच फरक गणितात घालायचा.

त्याऐवजी बहुतेकदा आधीच्या एखाद्या छोट्या प्रयोगातला फरक उचलला जातो. छोट्या प्रयोगांतून चमकदार आकडे निघतात तेच लोकांपुढे येतात, फिके कपाटात राहतात. त्या चमकदार आकड्यांवर विसंबलं की दाणे कमी लावले जातात आणि खरा फरक हातून निसटतो. जाहिरातींची भाषाही तपासून घ्यावी. उगवण 90 वरून 95 झाली तर कोणी 'पाच टक्के वाढ' म्हणेल, कोणी 'न उगवणारे दाणे निम्म्यावर'. दोन्ही खरं, म्हणून मी आधी मूळ दोन आकडे मागतो.

आणि एका थैलीतले 400 दाणे म्हणजे एकच थैली. ती उन्हात राहिली असेल तर सगळेच दाणे एकत्र बिघडतात. परभणी जिल्ह्यातल्याच मानवतच्या काळ्या रानात आणि जिंतूरच्या हलक्या जमिनीवर प्रक्रिया कशी वागते हे कळायला शेतं वाढवावी लागतात. एकाच ट्रेमध्ये आणखी हजार दाणे मांडले तरी ते कळत नाही.