ताणाचा आलेख आणि उंदीर

‘थोडा ताण हवाच, त्याशिवाय काम होत नाही,’ असं सांगत व्याख्याते फळ्यावर उलट्या वाटीसारखा आलेख काढतात. त्याचं मूळ १९०८ सालच्या अमेरिकेतल्या प्रयोगात आहे, आणि तोही माणसांवरचा नव्हे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना पांढरी व काळी पेटी ओळखायला शिकवलं. काळीत शिरलं की विजेचा झटका! फरक ठळक असताना झटका जितका जोरदार, तितकं शिकणं झपाट्याने. फरक पुसट केला, तेव्हा मात्र मध्यम झटका सरस ठरला. म्हणजे काम अवघड असेल तर दडपण कमीच बरं. व्याख्यानांत नेमका हाच भाग गळतो. शिवाय त्या दोघांनी मोजला होता तो शिकण्याचा वेग; मानसिक ताणाचा अर्थ त्याला चिकटवला नंतरच्यांनी.